लग्नाला पंचवीस वर्षं, बायकोची केमो सुरू: यंदा फिरायला न्यावं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी भावाने विचारलं आहे. पत्नीचं वय शेहेचाळीस. अंडाशयाचा कॅन्सर, पोटात पसरलेला. नागपूरला दर २१ दिवसांनी केमो चालू आहे. डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं, "आजार मुळातून जाणार नाही, पण आटोक्यात ठेवू." पत्नीला मात्र घरच्यांनी "गाठ आहे, औषधाने विरघळते" एवढंच सांगितलंय. लग्न अक्षय्य तृतीयेचं, यंदा पंचवीस वर्षं होतात. दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला दोघं कुठे ना कुठे जातातच. पहिल्या वर्षी शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीने मूर्तिजापूर आणि तिथून शेगाव, मग कधी माहूर, कधी चिखलदरा, एकदा पंढरपूर. यंदा त्यांना तिरुपतीला न्यायचंय. आई म्हणते, आजारी बाईला उन्हातान्हात फिरवू नको, लोक नावं ठेवतील. न्यावं का, केमोत जमेल का, वाटेत काही झालं तर काय करायचं, असे त्यांचे प्रश्न आहेत.

दादा, न्या. पण तिरुपतीला नको, आणि अक्षय्य तृतीयेचाच हट्ट नको. वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत अशा रुग्णांच्या घरी जाऊन उपशामक उपचार करणं, म्हणजे आजार जाणार नसला तरी त्याचा त्रास कमी करणं, हेच माझं काम आहे. एवढ्या वर्षांत ज्या घरांत प्रवास झाला तिथे मी समाधान पाहिलं. ज्या घरांत "आधी बरी होऊ दे, मग जाऊ" म्हणत दिवाळी आली आणि गेली, तिथली खंत फार दिवस निघत नाही. म्हणून माझं उत्तर "न्या" हेच आहे. मात्र त्याआधी तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला बोलायची आहे.

तुम्ही तिरुपतीबद्दल पानभर लिहिलंय. गाडी बल्लारशाहहून धरायची की नागपूरहून, रांगेत किती तास लागतात, सोबत कोण येईल, सगळं. तिला कुठे जायचंय याबद्दल एक ओळ नाही. तुम्हाला तिची काळजी नाही असं मी म्हणत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत हेच होतं. आजार झाला की बाईच्या वतीने सगळे ठरवतात, आणि तीही "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मोकळी होते. मी घरभेटीला जातो तेव्हा नवऱ्याला चहा करायला आत पाठवतो आणि तिला विचारतो, "ताई, कुठे जावंसं वाटते?" उत्तरं ऐकून नवरे चकित होतात. एका बाईने सांगितलं होतं, "मले देवाले नाई जायचं आता, देवानं लय फिरवलं. माह्या मायच्या घरी एक रात झोपायचं हाय." तिचं माहेर पैनगंगेच्या काठी, घरापासून तासाभरावर. आजार झाल्यापासून ती तिथे राहिली नव्हती, कारण माहेरी गेली तर "सासरच्यांनी टाकली" असं लोक म्हणतील, ही भीती. नवऱ्याने काशीचं आरक्षण करून ठेवलं होतं. ते रद्द केलं, दोघं माहेरी गेले, दोन दिवस राहिले.

तर आधी विचारा. रात्री, पोरं झोपल्यावर, दोघंच असताना. "तिरुपतीला जायचं ना?" असं विचारलंत तर ती हो म्हणेल. "यंदा तू सांग" एवढंच म्हणा आणि गप्प राहा. उत्तर त्याच रात्री येणार नाही. चार दिवस द्या.

आता दुसरी, याहून अवघड गोष्ट. तिला माहीत नाही असं तुम्हाला वाटतं. नागपूरला कॅन्सरच्या दवाखान्यात, डोक्यावरचे केस गेलेल्या वीस बायांच्या शेजारी बसून ती सलाइन घेते. तिला माहीत आहे, दादा. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती बोलत नाही, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही बोलत नाही. अशी दोघं एकाच गाडीत पाच तास बसली तर तो प्रवास जड जातो. सगळं एकदम सांगून टाका असं मी म्हणत नाही. ती जेवढं विचारेल तेवढं खरं सांगा. "मी बरी होईन ना?" असं तिने विचारलं तर "होशील, होशील" म्हणून विषय संपवू नका. उलट विचारा, "तुला काय वाटतं? कशाची भीती वाटते?" ती बोलेल. बहुतेक वेळा तिची भीती मरणाची नसतेच. मुलीचं शिक्षण, दुखणं सहन होईल का, नवऱ्यावर कर्ज किती झालं, ही भीती असते. या प्रत्येकाला उत्तर देता येतं. तुम्हाला एकट्याने जमत नसेल तर तिच्या डॉक्टरांना म्हणा की पुढच्या वेळी आम्हाला दोघांना समोर बसवून बोला. तिच्या डोळ्यांदेखत तुम्हाला बाजूला बोलावणं थांबलं, तरी तिला अर्धं कळतं की आपल्याला माणूस म्हणून धरलंय.

हे बोलणं प्रवासाआधी झालं पाहिजे, कारण प्रवास कशासाठी आहे हे त्यावर ठरतं. आजार बरा व्हावा म्हणून बोललेला नवस असेल तर पायऱ्या, उपास, अनवाणी चालणं सगळं तिच्यावर लादलं जातं, आणि पुढचा सीटी स्कॅन वाईट आला तर देवही गेला आणि धीरही गेला. दोघांनी सोबत चार दिवस काढावेत म्हणून जात असाल तर जागा कुठलीही चालते. देवाला जायला माझी ना नाही, मीही जातो. पण औषधं उपाशीपोटी घेणं, गोळ्या चुकवणं चालणार नाही. उपास तुम्ही धरा, तिला जेवू द्या.

आता तारीख. अक्षय्य तृतीया एप्रिल-मेमध्ये येते. आपल्याकडे तेव्हा पारा ४२-४३ वर असतो, पुढे ४५ च्याही वर जातो. खेड्यातली बहुतेक लग्नं उन्हाळ्यातच, म्हणून वाढदिवसही उन्हाळ्यातच येणार. केमोच्या रुग्णाला ऊन दोन बाजूंनी मारतं. उलटी-जुलाबाने पाणी आधीच कमी झालेलं असतं, त्यात घाम. शरीर कोरडं पडलं की मूत्रपिंडावर ताण येतो आणि पुढची केमो लांबते. त्यामुळे पंचांगातली तिथी बाजूला ठेवा आणि तिच्या केमोच्या तारखा मांडा.

२१ दिवसांच्या चक्रात पहिले चार-पाच दिवस मळमळ आणि गळाठा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. या आठवड्यात गर्दी नको, लग्न नको, यात्रा तर नकोच. पंधरा दिवसांनंतर पेशी वर येतात, तोंडाला चव येते, पायात थोडं बळ येतं. सोळाव्या ते विसाव्या दिवसांतले दोन-तीन दिवस तुमचे. निघण्याआधी, साधारण पंधराव्या दिवशी, रक्ताची तपासणी तालुक्याच्या गावीच करा आणि रिपोर्टचा फोटो नागपूरच्या डॉक्टरांना पाठवा. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर आधी रक्त चढवायचं का ते विचारा. अंगात रक्त नसताना दहा पावलांत दम लागतो आणि सगळा वेळ खोलीत पडून जातो. पोटात पाणी साठत असेल तर ते निघायच्या एक-दोन दिवस आधी काढून घेतलं की बसणं, जेवणं, श्वास, तिन्ही सोपं होतं. केमो चार-आठ दिवस पुढे सरकवता येईल का, हेही मोकळेपणाने विचारा. आजार आटोक्यात ठेवण्यासाठी जी केमो चालते तिच्यात एवढी सवड बहुधा देतात. पण आपल्या मनाने तारीख चुकवू नका.

मग लोक म्हणतील, "हिवाळ्यातच जा की." शरीराने एरवी साथ दिली असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण तुम्ही लिहिलंय की वजन उतरतंय आणि ही दुसऱ्या फळीची औषधं आहेत, म्हणजे पहिली पुरी पडली नाहीत म्हणून दिलेली. मी कापूस वेचून होईपर्यंत थांबणार नाही. पुढच्या दोन चक्रांपैकी एकात जा. ऊन असेलच, म्हणून पहाटे पाचला निघा आणि नऊ-साडेनऊच्या आत मुक्कामी पोचा. दुपारी अकरा ते पाच खोलीबाहेर पडायचं नाही. दर्शन, नदी, फिरणं सगळं पहाटे किंवा दिवस कलल्यावर.

जागेसाठी माझा एकच नियम आहे: चार तासांच्या आत पोचता यावं आणि तिथून तासाभरात बरं रुग्णालय असावं. तिरुपती यात बसत नाही. शेगाव बसतं. संस्थानाची स्वच्छता आणि भक्तनिवास तुम्हाला माहीत आहेतच, गाव रेल्वेच्या मुख्य मार्गावर आहे, अकोला जवळ आहे. सण, गुरुवार आणि सुट्ट्या टाळून जा. शिवाय ते तुमचं पहिल्या वर्षीचं ठिकाण. शकुंतला बंद पडली, पण त्याच वाटेने कारंजा-मूर्तिजापूर करत गाडीने जाता येईल. कौंडण्यपूर मला फार योग्य वाटतं. वर्धा नदीचा काठ, रुक्मिणीचं माहेर, एरवी गर्दी नाही, एका दिवसात जाऊन येणं होतं, आणि तिथून आषाढीला पंढरपूरला पालखी जाते म्हणून तिथे हात जोडले की विठ्ठलाला पोचल्यासारखं बायांना वाटतं. सेवाग्राम-पवनारही चांगलं. शांतता आहे, धाम नदी आहे, आणि सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय अगदी हाकेच्या अंतरावर.

चिखलदऱ्याचा मोह होईल. उंची अकराशे मीटरच्या आसपास, त्यामुळे खाली अमरावतीत ४३ असलं तरी वर काही अंश कमी. छातीत पाणी किंवा दम नसेल तर या उंचीने त्रास होत नाही. अडचण घाटाची आहे. परतवाड्यापासून वळणं सुरू होतात आणि केमोवर दिलेली उलटीची ऑन्डान्सेट्रॉनची गोळी गाडी लागण्यावर फारशी चालत नाही. त्यासाठी वेगळी गोळी लागते, ती आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. मेळघाटात फोनची रेंजही मधेमधे जाते. उलट्या आटोक्यात असतील तरच तिकडे जा, आणि दोन रात्री राहा. जाऊन लगेच परत येण्यात सगळी ताकद घाटातच जाते. माहूरला या खेपेस पायथ्याशीच हात जोडा, पायऱ्या नकोत.

पायांबद्दल तुम्ही सहज लिहून गेलात की तिच्या तळपायाला मुंग्या येतात. ते महत्त्वाचं आहे. पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोच्या औषधाने पायाच्या नसा बधिर होतात आणि चटका बसलेला कळत नाही. उन्हात तापलेल्या मंदिराच्या फरशीवर अनवाणी चालून तळपायाला फोड आलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांना ते रात्री कळलं. पेशी कमी असताना असा फोड पिकला तर दवाखान्यात भरती. जाड सुती मोजे घालूनच दर्शन. पुजारी काही म्हणाले तर तुम्ही पुढे होऊन सांगा, कोणी अडवत नाही.

गाडी भाड्याची करा, मोटरसायकल नको. तुमच्या दोघांची सवय असली तरी खड्ड्यांचे हादरे आता तिच्या पोटाला सोसणार नाहीत. तिला पुढच्या सीटवर, पाठ थोडी मागे करून बसवा, पट्टा आणि पोटाच्या मध्ये पातळ उशी. दर तासाला गाडी थांबवून तिला पाच मिनिटं पायी फिरवा. कॅन्सरमध्ये रक्त घट्ट होतं, त्यात तासन्‌तास पाय लोंबते राहिले की पिंढरीच्या शिरेत गाठ होते. समृद्धी महामार्गाने वेळ वाचतो, पण मधे हवं तिथे थांबून उतरता येत नाही. तिला लघवीला वारंवार लागत असेल तर जुना, गावागावांतून जाणारा रस्ता बरा. दुकानात प्लास्टिकची कमोड खुर्ची मिळते, ती डिकीत टाका. खोली तळमजल्यावरची, कमोड असलेली, हे फोनवर पक्कं करून घ्या. बाया पाणी पीत नाहीत ते बहुतेक याच भीतीने, की संडास कुठे सापडेल. ती सोय आहे म्हटल्यावर पितात.

खाण्याचं फार करू नका. उकळलेलं पाणी घरून, ओआरएसची पाकिटं, ज्वारीच्या कण्या, मऊ खिचडी, ताज्या दह्याचं घरचं पातळ ताक. उघड्यावरचा ऊसाचा रस, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं नाहीत. प्रसाद शिजवलेला आणि गरम असेल तर चालेल.

दुखण्याच्या गोळीबद्दल तुमच्या मनात शंका दिसते. मॉर्फीन सुरू केलं म्हणजे शेवट आला, असं गावात समजतात. तसं नाही. दुखणं असेपर्यंत ती गोळी आहे, आणि नीट दिली तर तिने आयुष्य कमी होत नाही. मॉर्फीनची साधी गोळी चार तास टिकते, म्हणून घड्याळ लावून द्या, दुखायची वाट पाहू नका. तिच्यासोबत पोट साफ होण्याचं औषध रोज हवंच. नवीन डोस प्रवासाच्या दिवशी सुरू करू नका, पहिले दोन-तीन दिवस गुंगी असते. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, तुमच्या जवळच्या पिशवीत. उन्हात उभ्या गाडीत सोडायच्या नाहीत.

वाटेत काही झालं तर, हा तुमचा शेवटचा प्रश्न. थर्मामीटर सोबत ठेवा. ताप १००.४ किंवा वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, तासाभरात रुग्णालयात पोचा आणि पोचल्या पोचल्या "केमो चालू आहे, ताप आहे" हे वाक्य बोला. एका पायाला सूज आणि पिंढरी दुखणं, अचानक दम लागणं, किंवा पोट फुगून सारखी उलटी आणि हवासुद्धा न सरणं, यांपैकी काहीही झालं तरी तसंच. १०८ वर फोन लावा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: नाव, आजार, शेवटची केमो कोणत्या तारखेला आणि कोणत्या औषधांची, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा फोन. अनोळखी दवाखान्यात रात्री दोन वाजता जाड फाइल कोणी वाचत नाही, हा कागद वाचतात. फाइल तरीही न्याच.

पैशाचं म्हणाल तर या प्रवासासाठी कर्ज काढू नका. केमो महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होत असली तरी नागपूरच्या खेपा, राहणं, बाहेरची औषधं यांना पैसा लागणारच आहे. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला मोठी सवलत आहे, पण ती उपचाराच्या प्रवासासाठी. फिरण्यासाठी तिचा कागद वापरू नका, नागपूरच्या खेपांना वापरा.

सोबत कोण, यावर मी ठाम आहे. चालक आणि तुम्ही दोघं. फार तर मुलगी. आत्या, मामी, शेजारचे काका असे सात जण गाडीत भरले की ती पुन्हा सगळ्यांच्या चहापाण्याची चिंता करत बसते, आणि डोक्यावरचा पदर क्षणभर सैल सोडू शकत नाही. केस गेलेलं डोकं तिला तुमच्यापासूनही लपवावंसं वाटत असेल. खोलीत दोघंच असाल तर ते हळूहळू सुटतं. तिच्या शेजारी झोपा. कॅन्सर लागट नाही. घरात तिचं ताट-पेला वेगळा ठेवला असेल तर तो प्रवासाआधीच बंद करा. केमोनंतरचे पहिले दोन-तीन दिवस तेवढे, तिच्या लघवी-उलटीत औषधाचा अंश असतो म्हणून साफ करताना हातमोजे घालायचे, संडासात भरपूर पाणी टाकायचं आणि तिचे माखलेले कपडे वेगळे धुवायचे. जवळीक करावीशी वाटली तर हे विचारण्यात लाज नाही: तिला त्रास होत नसेल आणि पेशी ठीक असतील तर करता येते, औषध चालू असेतो निरोध वापरा. तिला नको असेल तर हात हातात घेऊन पडून राहणंही जवळीकच आहे.

आईंना मी काय सांगेन? लोक नावं ठेवतात ती चार दिवस. त्यांच्या सुनेला पंचवीस वर्षांत वर्षातून एकदा नवऱ्यासोबत एकटीने घराबाहेर पडायला मिळालं, आणि तेवढ्या बळावर तिने बाकीचं वर्ष शेत आणि घर ओढलं. ते यंदाच का बंद करायचं? आईंचा राग बहुतेक भीतीचा आहे. त्यांना कागद आणि थर्मामीटर दाखवा, कोणत्या दवाखान्यात जाणार ते सांगा, रोज संध्याकाळी फोन करायचं कबूल करा.

आणि सगळं ठरवून ऐन वेळी ती म्हणाली, "आज नाई जमत", तर गाडी परत पाठवा. आगाऊ दिलेले पैसे बुडाले तर बुडाले. त्या दिवशी तिला रेटून नेऊ नका, रागवू नका, "तुझ्यासाठी एवढं केलं" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. पुढच्या चक्राचा सोळावा दिवस बघा. त्याही वेळी जमलं नाही तर तिच्या माहेरच्यांना दोन दिवस तुमच्याकडे बोलवा.

पुढच्या केमोला जाल तेव्हा डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: पंधराव्या दिवशीची तपासणी कोणती, पोटातलं पाणी आधी काढायचं का, गाडी लागण्याची आणि अचानक दुखलं तर द्यायची गोळी कोणती, आणि रात्री-अपरात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा. उत्तरं तिथेच फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, तिला शेजारी बसवून.